‘काहींच्या दुर्बलतेमुळे’: मोडलेल्या एका पंगतीचं प्रकरण

१८५७ साली, इकडे मीरत-कानपूर पेटलेलं असताना, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप टाऊनमध्ये डच रिफॉर्म्ड चर्चचा सिनॉड, म्हणजे पाळकांची (धर्मगुरूंची) आणि वडिलांची (स्थानिक चर्चचा, म्हणजे मंडळीचा, कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांची) महासभा, भरली होती. त्या सभेने एक ठराव केला. त्याचा आशय असा: मूर्तिपूजकांमधून आलेल्या आपल्या सभासदांना शक्य तिथे आपल्या चालू मंडळ्यांमध्येच सामावून घ्यावं, हे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे; पण जिथे काहींच्या दुर्बलतेमुळे असं करण्याने ख्रिस्ताच्या कार्याला अडथळा येत असेल, तिथे या लोकांच्या मंडळीने आपले ख्रिस्ती हक्क वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या संस्थेत उपभोगावेत.

एकच वाक्य आहे. अर्धविरामाच्या अलीकडे पवित्र शास्त्र आहे आणि पलीकडे ‘पण’. त्या ‘पण’मधून पुढे एकाच चर्चच्या रंगावार चार मंडळ्या झाल्या, त्याच नमुन्यावर बेतलेल्या कायद्यांना धर्माचा आशीर्वाद मिळाला, आणि हे सगळं पाप होतं असं त्या चर्चच्या एका माणसाने भर सभेत म्हणायला १९९० साल उजाडलं.

वंशभेदाबद्दल ख्रिस्ती माणसाने काय म्हणावं, असा विषय निघाला की आपण लगेच बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडतो. यहूदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद ख्रिस्त येशूमध्ये उरला नाही, हे अठ्ठाविसावं वचन आपल्याला तोंडपाठ असतं. ते त्या सिनॉडमधल्या प्रत्येकालाही तोंडपाठ होतं. म्हणूनच आमच्या गुरुवारच्या शास्त्राभ्यासात मी हे प्रकरण घेतलं. वचन माहीत असलेली, प्रार्थना करणारी, चांगल्या वळणाची माणसं नेमकी कुठल्या जागी घसरली, ते मला बघायचं होतं. ती जागा म्हणजे प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीत एकत्र भाकर खाण्याच्या आणि एका प्याल्यातून पिण्याच्या विधीचं, मेज.

मेज आणि प्याला

डच रिफॉर्म्ड पद्धतीत प्रभुभोजनाला लोक एका लांब मेजाभोवती बसायचे. पांढरं कापड, भाकरीचं ताट आणि हातोहात फिरणारा प्याला. मंडळी मोठी असली की एक मेज उठायचं आणि दुसरं बसायचं. आपल्याकडच्या पहिल्या, दुसऱ्या पंगतीसारखंच. शेजारी कोण बसलं आहे, प्याला कुणाच्या ओठांना लागून आपल्याकडे आला, हे दिसायचं. ते दिसत होतं म्हणूनच भांडण झालं.

पहिलं भांडण १८२९ सालचं. केपजवळच्या सॉमरसेट वेस्ट गावात बेंतुरा विस्सर नावाचा मिश्रवंशीय सभासद होता. बाप्तिस्मा झालेला, मंडळीत रीतसर घेतलेला. त्याने गोऱ्यांबरोबर मेजाला बसावं की त्याला वेगळं वाढावं, हा प्रश्न सिनॉडपुढे गेला. सिनॉडने तेव्हा स्वच्छ सांगितलं की असा प्रश्न चर्चेला घेणंच योग्य नाही. रंग किंवा कूळ न बघता सर्वांना एकत्रच प्रभुभोजन द्यायचं, आणि हे देवाच्या अचूक वचनावर उभं असलेलं, न हलणारं तत्त्व मानायचं.

म्हणजे याच चर्चने अठ्ठावीस वर्षं आधी बरोबर उत्तर दिलं होतं, आणि तेही गुलामगिरी चालू असताना. केपमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८३४ साली, आणि ‘उमेदवारी’च्या नावाखाली लांबवलेली सक्तीची चाकरी संपली १८३८ साली. विस्सरचा निकाल लागला तेव्हा त्या वसाहतीत माणसं विकली जात होती.

मग अठ्ठावीस वर्षांत काय बदललं? शास्त्र तेच होतं. संख्या बदलली. गुलाम सुटले, खोई हे केपचे मूळ रहिवासी मंडळ्यांमध्ये येऊ लागले, मिशनचं काम फळाला आलं. एकटादुकटा विस्सर मेजाला बसतो तोवर तत्त्व पाळणं जड जात नाही. निम्मं मेज तसं भरलं की जड जायला लागतं.

ठरावाला निमित्त ठरली केपच्या पूर्व सीमेवरची, कॅट नदीच्या खोऱ्यातली स्टॉकनस्ट्रॉम मंडळी. हा भाग मुळात १८२९ साली खोई लोकांना वसवण्यासाठी दिलेला. तिथल्या खोई लोकांच्या १८५१ च्या बंडानंतर तिथे गोरे शेतकरी येऊ लागले. मंडळी जुन्या खोई सभासदांची, नवे आलेले गोरे. १८५५ साली यातल्या ४५ गोऱ्यांनी अर्ज केला की आम्हाला प्रभुभोजन वेगळं द्या. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून यावं आणि यजमानाला म्हणावं की तुझ्या पंगतीला आम्ही बसणार नाही, असा तो प्रकार. तिथल्या मंडळीचा प्रश्न वरच्या सभेत आणि तिथून सिनॉडपर्यंत पोचला.

१८५७ चा ठराव मांडला तो ग्राफ-रायनेटचे वयोवृद्ध पाळक अँड्र्यू मरे (थोरले) यांनी. मूळचे स्कॉटलंडचे, आयुष्य मंडळीसाठी वेचलेले. त्यांचे चिरंजीव धाकटे अँड्र्यू मरे भक्तिपर लेखनामुळे पुढे जगभर वाचले गेले, आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपण अन्यायाचं मूळ शोधायला निघालो की क्रूर चेहरा शोधतो. इथे तो सापडत नाही. भांडण मिटावं, मिशनचं काम थांबू नये, कुणी रागावून मंडळी सोडू नये, एवढ्याचसाठी जीव टाकणारी माणसं इथे सापडतात. मला वाटतं, या प्रकरणातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट हीच आहे.

दुर्बल कोण?

‘दुर्बलता’ हा शब्द सिनॉडने पौलाकडून उचलला. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल सांगतो की जो विश्वासात दुर्बल आहे त्याला जवळ करा, त्याच्याशी वाद घालू नका. कुणी सगळं खातो, कुणी नुसता भाजीपाला खातो. एकाने दुसऱ्याला तुच्छ मानू नये.

पण नीट वाचा. पौलाने दुर्बलाला सवलत दिली आहे ती त्याच्या स्वतःच्या ताटापुरती. तू काय खावंस, काय खाऊ नयेस, ते तुझं तू बघ. शेजारी कोण बसणार हे ठरवायचा हक्क त्याने दुर्बलाला कुठेही दिलेला नाही. शेजाऱ्याचा प्रश्न आला तेव्हा पौल कसा वागला, ते गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत असे. यहूदी रीत काटेकोर पाळणारी याकोबाकडची माणसं आली तसा तो भिऊन मागे सरला, वेगळा बसू लागला, आणि त्याचं बघून बर्णबासुद्धा. आता पेत्राचं तेही ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’च होतं. तिथे पौलाने समजूत काढली नाही. सगळ्यांच्या देखत, तोंडावर विरोध केला. शुभवर्तमानाच्या सत्याला धरून हे चाललेलं नाही, असं म्हणाला.

सिनॉडसमोर दोन्ही अध्याय होते. त्यांनी रोमकरांसचा निवडला आणि तोही उलटा लावला. स्टॉकनस्ट्रॉममध्ये दुर्बल कोण होतं? बंदुका, जमिनीचे कागद आणि सरकार ज्यांच्या बाजूला होतं ते? ज्यांच्या जमिनी बंडानंतर हातच्या गेल्या, त्यांना कुणी विचारलंच नाही की वेगळ्या मेजावर तुम्हाला कसं वाटेल. बळकटांनी स्वतःला दुर्बल म्हणवून घेतलं आणि दुर्बलांची सवलत पदरात पाडून घेतली.

आमच्या वर्गात एक मावशी येतात. सत्तरी ओलांडलेल्या, नगरकडच्या. मी हा भाग सांगून थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, “त्या पंचेचाळीस जणांपैकी एकाला तरी पाळकाने बाजूला घेऊन विचारलं का, की बाबा, त्याच्या शेजारी बसलास तर तुला नेमकं होतं काय?” मी गप्प बसलो. चर्चच्या इतिहासात हा प्रश्न विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

वेगळ्या इमारतीपासून वेगळ्या देशापर्यंत

ठरावातली ‘शक्य तिथे’ एकत्र ही ओळ कागदावर राहिली आणि अपवाद नियम झाला. १८८१ साली वेलिंग्टन गावी मिश्रवंशीयांसाठी डच रिफॉर्म्ड मिशन चर्च हे वेगळं चर्चच स्थापन झालं. १९१० साली काळ्यांसाठी वेगळं निघू लागलं. १९५१ नंतर भारतीयांसाठीसुद्धा; नाताळच्या उसाच्या मळ्यांवर १८६० पासून नेलेल्या आपल्या मजुरांचे वंशज त्यात होते. गोऱ्यांच्या चर्चला ‘आई’ म्हणायचे आणि बाकीच्यांना ‘लेकी’. लेकींना वेगळा संसार थाटून दिला, पण किल्ल्या बरीच वर्षं आईच्या कमरेला होत्या.

सुरुवातीच्या बऱ्याच काळात वेगळं बसण्याचं शास्त्रीय समर्थन जवळपास नव्हतंच. होती ती रीत. सिद्धांत आला नंतर, १९३० आणि ४० च्या दशकांत, जेव्हा आफ्रिकानर (मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्यांच्या) राष्ट्रवादाला आपल्या राजकारणासाठी शास्त्र हवं झालं. मग वचनं शोधली गेली. बाबेलच्या बुरुजापाशी देवाने भाषा वेगळ्या केल्या, म्हणजे लोक वेगळे ठेवणं ही देवाची इच्छा. प्रेषितांच्या कृत्यांत पौल अथेनैकरांना सांगतो की देवाने एकापासून सर्व राष्ट्रं निर्माण केली आणि त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या. त्यातलं ‘एकापासून’ सोडून दिलं आणि ‘सीमा’ तेवढ्या घेतल्या. बायबल आफ्रिकान्स भाषेत आणणारे कवी-विद्वान टोटिउस यांनी १९४४ साली ब्लुमफाँटेनच्या लोकपरिषदेत उत्पत्तीचा पहिला अध्याय घेऊन मांडलं की देव हा मुळातच वेगळं करणारा आहे, प्रकाश अंधारापासून, पाणी पाण्यापासून. माणसं माणसांपासून वेगळी केल्याचा उल्लेख मात्र त्या अध्यायात नाही. तिथे एकच माणूसजात आहे आणि ती देवाच्या प्रतिरूपाची आहे.

१९४८ साली नॅशनल पार्टी निवडून आली. पंतप्रधान झाले डी. एफ. मलान, जे स्वतः याच चर्चचे एकेकाळचे पाळक. पुढच्या दोन वर्षांत मिश्रविवाहबंदी, प्रत्येक माणसाच्या वंशाची सरकारी नोंद आणि कुणी कुठल्या वस्तीत राहायचं ते ठरवणारा ग्रुप एरियाज कायदा, असे कायदे आले. मिश्रविवाहबंदीची मागणी तर चर्चने आधीपासूनच सरकारकडे लावून धरली होती. केप टाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा जुना, सरमिसळ वस्तीचा भाग १९६६ साली ‘गोऱ्यांचा’ जाहीर झाला आणि तिथल्या साठ हजारांवर माणसांना उचलून शहराबाहेरच्या रेताड सपाटीवर टाकण्यात आलं. सिनॉडने ‘वेगळ्या इमारतीत’ म्हटलं होतं. सरकारने सगळंच वेगळं केलं.

ज्यांनी उठून नाही म्हटलं

आतून विरोध अजिबात झाला नाही असं नव्हे. स्टेलेनबॉशचे बी. बी. कीट आणि प्रिटोरियाचे बेन मराय हे याच चर्चचे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत होते की याला शास्त्रात आधार नाही. त्यांना कुणी जुमानलं नाही.

२१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या घातल्या, ६९ माणसं मेली. त्याच डिसेंबरात जोहान्सबर्गच्या कॉट्सलो इथे जागतिक चर्च परिषद आणि तिथली सभासद चर्चेस एकत्र बसली. डच रिफॉर्म्डचे प्रतिनिधीही होते. तिथल्या निवेदनात म्हटलं होतं की येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या कुणालाही रंग किंवा वंशावरून कुठल्याही चर्चमधून वगळता येणार नाही, आणि मिश्रविवाह नाकारायला शास्त्रात आधार नाही. म्हणजे १८२९ चंच उत्तर पुन्हा. पंतप्रधान फेरवूर्ट यांनी जाहीर नाराजी दाखवली, चर्चच्या सिनॉडांनी आपल्याच प्रतिनिधींचं निवेदन फेटाळलं आणि परिषदेतूनही बाहेर पडले.

त्या प्रतिनिधींपैकी एक होते बायर्स नोडे. यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. त्यांचे वडील आफ्रिकानर ब्रूडरबाँड या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी. मुलाचं नावही एका बोअर सेनापतीवरून ठेवलेलं. नोडे स्वतः १९४० पासून त्या संघटनेत. चर्चमध्ये मानाची पदं मिळत गेलेली, सगळं पुढे आखलेलं. कॉट्सलोनंतर इतरांनी शब्द मागे घेतले, त्यांनी घेतला नाही. १९६३ मध्ये सर्व वंशांच्या ख्रिस्ती लोकांना एकत्र आणणारी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट त्यांनी काढली. तेव्हा चर्चने सांगितलं, पाळकपण ठेवायचं की ही संस्था, एक निवडा. २२ सप्टेंबर १९६३ ला जोहान्सबर्गच्या आपल्या आसफोएलकॉप मंडळीत त्यांनी प्रेषितांची कृत्ये ५:२९ वर उपदेश केला: आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. आणि आपण काय निवडलं आहे ते सांगितलं.

पाळकाचा झगा गेला, नातीगोती तुटली. १९७७ मध्ये सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले, ते १९८४ पर्यंत चालले. या काळात ते कुठल्या मंडळीत जात होते? अलेक्झांड्रा या काळ्या वस्तीतल्या मंडळीत. ‘आई’चा लाडका मुलगा ‘लेकी’च्या घरी सभासद झाला आणि तिथे मेजाला बसला. या एका गोष्टीपुढे मला त्यांचे सगळे लेख आणि भाषणं दुय्यम वाटतात.

ओटावा आणि बेलहार

ऑगस्ट १९८२. कॅनडात ओटावा इथे जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चेसच्या संघाचं अधिवेशन. सुरुवातीच्या उपासनेत प्रभुभोजन होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या आणि मिश्रवंशीय प्रतिनिधींपैकी काही जण मेजाकडे गेले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की गोऱ्या डच रिफॉर्म्ड प्रतिनिधींबरोबर मायदेशी आम्हाला ज्या मेजाला बसू देत नाहीत, त्या मेजाला इथे परदेशात बसून सगळं ठीक असल्याचं आम्ही दाखवणार नाही.

मला हा प्रसंग वाचून आधी वाईट वाटलं होतं. प्रभुभोजन नाकारणं ही ख्रिस्ती माणसाला साधी गोष्ट वाटत नाही. पण करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय पुन्हा काढून बघितला. श्रीमंत आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात, हे ऐकून पौल करिंथकरांना म्हणतो की तुम्ही एकत्र जमून जे खाता ते प्रभूचं भोजनच नव्हे. आणि शेवटी सांगतो, एकमेकांची वाट पाहा. ओटावाला न उठलेली माणसं वाट पाहत होती.

त्या अधिवेशनाने वर्णभेद हे पाप आणि त्याचं धार्मिक समर्थन हे पाखंड ठरवलं. डच रिफॉर्म्ड चर्चचं सभासदत्व स्थगित केलं आणि अध्यक्ष म्हणून निवडलं मिशन चर्चचे तरुण पाळक अ‍ॅलन बुसाक यांना. ‘पाखंड’ हा शब्द जपून ऐकायला हवा. राजकीय धोरण चुकलं, असं त्यांनी म्हटलं नाही. म्हटलं ते असं की हा शुभवर्तमानाचाच प्रश्न आहे आणि इथे दोन मतं चालणार नाहीत.

दोनच महिन्यांच्या आत मिशन चर्चचा सिनॉड बेलहारला भरला. बेलहार ही केप टाऊनबाहेरची, मिश्रवंशीयांसाठी आखलेली वस्ती, म्हणजे ग्रुप एरियाजचंच अपत्य. तिथे एका छोट्या समितीने विश्वासांगीकाराचा, म्हणजे आपण काय मानतो ते जाहीर सांगणाऱ्या लेखाचा, मसुदा केला. बुसाक होते, इसाक मेंटर होते, गोरे अभ्यासक याप ड्युरांड, गुस्ताव बाम आणि तरुण डर्की स्मिट होते. १९३४ साली जर्मनीत हिटलरपुढे मान न तुकवणाऱ्या मंडळ्यांनी केलेली बार्मेनची घोषणा त्यांच्या डोळ्यांपुढे होती. चार वर्षं मंडळ्या-मंडळ्यांतून वाचून, बोलून १९८६ मध्ये बेलहारचा विश्वासांगीकार कायम झाला.

तो जेमतेम दोन पानांचा आहे, आफ्रिकान्स भाषेत. राज्यकर्त्यांची आणि या लोकांचीही मायबोली तीच. ‘अपार्टाइड’ हा शब्द, म्हणजे वर्णभेदाच्या त्या धोरणाचं आफ्रिकान्स नाव, त्यात कुठेही नाही. मंडळीची एकता, ख्रिस्तातला समेट आणि देवाचा न्याय असे तीन धागे आहेत. एकतेबद्दल बोलताना त्यात येतं की आपण एकाच भाकरीतून खातो आणि एकाच प्याल्यातून पितो. १८५५ च्या त्या पंचेचाळीस सह्यांना हे उत्तर आहे, सव्वाशे वर्षांनी, त्याच मेजावरून. पुढे म्हटलं आहे की वंश आणि रंगावरून माणसांची सक्तीने केलेली ताटातूट देवाच्या इच्छेच्या नावाने पवित्र ठरवणारी शिकवण आम्ही नाकारतो.

सगळ्यात जास्त वाद झाला तो न्यायाच्या भागावर. देव हा विशेषकरून निराधारांचा, गरिबांचा आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा देव आहे. आणि देव जिथे उभा आहे तिथेच, म्हणजे अन्यायाविरुद्ध आणि अन्याय झालेल्यांच्या बाजूला, मंडळीने उभं राहायला हवं. हा मार्क्सवाद आहे, देव सगळ्यांचा असतो, अशी टीका झाली. टीकाकारांना माझं एकच सांगणं आहे: स्तोत्र १४६ काढा. गांजलेल्यांचा न्याय करतो, भुकेल्यांना अन्न देतो, बंदिवानांना मोकळं करतो, परक्यांचं रक्षण करतो. बेलहारने हे शब्द तिथूनच घेतले आहेत.

विश्वासांगीकारासोबत एक पत्र जोडलं आहे. ज्यांच्या घरादारांवर बुलडोझर फिरले त्यांनी ते लिहिलंय हे लक्षात ठेवून वाचावं. त्यात ते म्हणतात की असा अंगीकार ही दुधारी तलवार आहे. आमच्यापैकी कुणीही पहिला दगड मारू शकत नाही, स्वतःच्या डोळ्यात मुसळ नाही असा आमच्यात कुणी नाही.

इथे आमच्या वर्गात जे झालं

त्या वाक्यापाशी आमचा वर्ग बराच वेळ थबकला. जात आणि वंश एक नव्हेत, त्यांचे इतिहास वेगळे आहेत. पण पंगतभेद म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत पहिल्याच पिढीत ब्राह्मण घरांतून आणि महार घरांतून आलेली माणसं एका प्याल्यापाशी आली. लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळं सोडतानाची आपली ओढाताण जितक्या खरेपणाने लिहून ठेवली आहे, तितक्या खरेपणाने बोलायला आज आपण कचरतो.

आमच्या मंडळीत कुणाला वेगळा प्याला नाही. पण लग्न ठरवताना फोनवर हळूच विचारलं जातं, “आणि तुम्ही आधीचे कोण?” हा प्रश्न मी माझ्या घरात, माझ्या काकांच्या तोंडून, शेजारच्या खोलीत बसून ऐकला आहे. काका मंडळीचे वडील होते. स्थळ चांगलं होतं आणि ते पुढे गेलं नाही. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होतो. उठून त्या खोलीत गेलो नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला अवघड जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. दलित ख्रिस्ती बांधवांची मागणी न्याय्य आहे आणि ती मी मनापासून मानतो. पण ती मागणी मांडताना आपण सरकारला सांगतो की बाप्तिस्म्याने जात सुटली नाही. ती कुणी सुटू दिली नाही, याचं उत्तर गावाइतकंच मंडळीलाही द्यावं लागेल.

रुस्टेनबर्गनंतर

१९८६ साली डच रिफॉर्म्डने सभासदत्व सर्वांना खुलं असल्याचं म्हटलं. लगेच पुढच्या वर्षी नाराज गटाने फुटून गोऱ्यांसाठी वेगळं चर्च काढलं, ‘काही’ गेलेच. नोव्हेंबर १९९० मध्ये रुस्टेनबर्गला देशभरच्या चर्चेसची परिषद झाली. तिथे स्टेलेनबॉशचे प्राध्यापक विली योंकर बोलायला उभे राहिले आणि व्याख्यानाच्या मध्येच म्हणाले की वर्णभेदाने केलेल्या अन्यायातलं माझं पाप मी तुमच्यापुढे आणि प्रभूपुढे कबूल करतो, आणि माझ्या चर्चच्या आणि आफ्रिकानर लोकांच्या वतीनेही करतो. आर्चबिशप डेस्मंड टुटू उठले आणि क्षमा करत असल्याचं म्हणाले. सगळ्यांना ते रुचलं नाही. आम्हाला न विचारता आमच्या वतीने क्षमा कशी केली, असं काही काळ्या प्रतिनिधींनी म्हटलं, आणि मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. चर्चच्या नियामकांनी नंतर योंकरांच्या कबुलीला दुजोरा दिला.

१४ एप्रिल १९९४ ला, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला दोन आठवडे राहिले असताना, मिश्रवंशीयांचं आणि काळ्यांचं अशी दोन चर्चेस एक झाली. नव्या युनायटिंग रिफॉर्म्ड चर्चने बेलहार आपल्या पायाभूत विश्वासांगीकारांत घेतला. त्याच वर्षी ‘आई’च्या सिनॉडमध्ये नेल्सन मंडेला बोलले आणि बायर्स नोडेंना सन्मानाने परत बोलावण्यात आलं. वर्णभेद पाप असल्याचं मान्य केल्यावर १९९८ मध्ये स्थगितीही उठली. अमेरिकेतल्या रिफॉर्म्ड चर्चने २०१० मध्ये आणि प्रेस्बिटेरियन चर्चने २०१६ मध्ये बेलहार स्वीकारला.

राहिली ती आई. एक व्हायचं तर बेलहार हवा, असं लेकीचं म्हणणं. २०११ मध्ये डच रिफॉर्म्डच्या महासभेने तो स्वीकारायच्या दिशेने पाऊल टाकलं. २०१३ मध्ये शब्दरचना ठरली: बेलहार आमच्या पायाभूत विश्वासांगीकारांचा भाग असेल, मात्र ज्या सभासदांना, पाळकांना किंवा सभांना तो विश्वासांगीकार म्हणून मान्य नसेल त्यांना तसं राहायची मुभा असेल. एवढी मुभा ठेवून तो विभागीय सिनॉडांपुढे गेला आणि २०१५ पर्यंत लागणारी दोन तृतीयांश मतं त्याला मिळाली नाहीत.

हे सांगून मी वही मिटली. मावशींनी विचारलं, “म्हणजे आजही देवळं वेगळी?” मी हो म्हटलं. “लांब आहेत एकमेकांपासून?” बऱ्याच ठिकाणी लांब आहेत. ग्रुप एरियाज कायदा १९९१ मध्ये रद्द झाला, पण त्याने हलवलेली घरं बहुतेक अजून तिथेच आहेत, बेलहारसारख्या वस्त्यांत, आणि रविवारी माणूस सहसा घराजवळच्या देवळात जातो.